आज मोकळी कोण?

माझे बाबा कुणालाही आत्याची ओळख करून देताना एकच वाक्य बोलतात. "ही माझी मोठी बहीण. मानसिक आजाराच्या वॉर्डात सिस्टर आहे. पत्ते खेळायचा पगार घेते."

आत्या दरवेळी म्हणते, "हो, आणि हरते पण मीच."

लोक हसतात, विषय संपतो. माझा मात्र कधी संपलाच नाही. कारण ड्युटीवरून आल्यावर आत्या सोफ्यावर पडते आणि एका पायात बूट तसाच ठेवून झोपून जाते, हे मी लहानपणापासून बघतेय. पत्ते खेळून माणूस इतकं दमतं? कसले पत्ते आहेत हे?

म्हणून कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी सांगितलं की कुठल्यातरी कामाच्या जागी जाऊन थोडे दिवस नुसतं बघत बसा आणि त्यावर लिहा, तेव्हा बाकीचे बँकेत गेले, बेकरीत गेले, एक जण तर स्वतःच्या काकाच्या सलूनमध्ये गेला. मी आत्याच्या वॉर्डासाठी अर्ज टाकला. परवानगी मिळेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मिळाली, पण अट अशी की सगळ्यांच्या बसायच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसायचं, कुणाच्या आजाराबद्दल विचारायचं नाही आणि सिस्टर उठ म्हणाली की उठायचं.

पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. आत्या घरात वादळासारखी चालते. तिच्या जाण्यायेण्याने दारं आपटतात, आई वैतागते. पण वॉर्डाचं दुसरं दार उघडलं (तिथे दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही) आणि ही बाई एकदम तळ्यातल्या बदकासारखी चालायला लागली! मी विचारलं, "काय गं, पाय दुखतोय का?"

"इथे पळायचं नाही," ती हळूच म्हणाली. "सिस्टर पळताना दिसली की सगळ्यांना वाटतं काहीतरी झालंय. मग खरंच होतं. आग लागली तरी भरभर चालायचं. पळायचं नाही."

मला हे इतकं आवडलं की मी दिवसभर संडासला सुद्धा बदकासारखी गेले.

आता वॉर्डाचं सांगते. पुरुषांचा वॉर्ड. दिवसाच्या पाळीला चार जण. आत्या इन्चार्ज. दुसरा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, दाराएवढा उंच आणि आवाज मांजरीसारखा. तिसऱ्या चष्मेवाल्या सिस्टर, ज्यांचं औषधाच्या ट्रॉलीशी लग्न लागलंय असं ब्रदर म्हणतो. आणि चौथी नवी. ती नोकरीला नवीन होती तेव्हापासून तिला 'नवी' म्हणतात, आता जुनी झाली तरी तेच चिकटलंय.

सकाळी रात्रपाळीच्या सिस्टर घरी जाण्याआधी कोण झोपलं, कोण रडलं, कुणी गोळी जिभेखाली लपवली, सगळं सांगतात. त्याला तिथे 'ओव्हर' म्हणतात. मग कामं वाटली जातात. एकाने औषधं बघायची. एकाने डॉक्टरांबरोबर फिरायचं, फोन घ्यायचे, नवीन पेशंट आला तर त्याला भरती करायचं. एकाने ज्या पेशंटला क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय त्याच्याजवळ बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच. तो उठला की उठायचं, तो खिडकीशी गेला की खिडकीशी. आणि असा एक तरी पेशंट तिथे कायम असतोच.

मग आत्या सगळ्यांकडे बघते आणि विचारते, "आज मोकळी कोण?"

मला वाटलं सुट्टी कोणाची ते विचारतेय. तसं नाही! चौथ्या माणसाला त्या दिवशी कामच द्यायचं नाही. एकही नाही. औषधाच्या कपाटाची किल्ली नाही, फोन नाही, कागद नाही. ही त्या वॉर्डाची स्वतःची पद्धत आहे, दुसरीकडे कुठेही नाही, आणि आख्खं हॉस्पिटल यावरून त्यांची टर उडवतं. रिकामटेकड्यांचा वॉर्ड म्हणतात.

त्या दिवशी आत्याच मोकळी होती. तिने काय केलं, सांगू? दोघांशी पत्ते खेळली, हरली. एका आजोबांचा चष्मा शोधून दिला, तो त्यांच्याच डोक्यावर होता. एका लांब केसांच्या मुलाशेजारी उभी राहून बराच वेळ बाहेरचं कबुतर बघितलं. आणि ड्रायव्हरसाहेबांच्या शेजारी जाऊन बसली. मी वहीत लिहिलं, "काहीच नाही."

परत येताना मी तिला ते दाखवलं. ती खो खो हसली. "बरोबर लिहिलंस की!"

"अगं पण मग दमलीस कशाने?"

"बघून," ती म्हणाली. "तू दिवसभर कबुतर बघत होतीस. मी कबुतर बघणाऱ्याला बघत होते. सकाळचा पाव त्याने पुन्हा शेजाऱ्याला दिला. काल पण दिला होता. का देतोय? हे विचारायचं तर त्याच्याशी आधी कबुतराबद्दल बोलावं लागतं."

आणि ड्रायव्हरसाहेब? तर हे गृहस्थ पूर्वी लांब पल्ल्याची बस चालवायचे. हॉलमध्ये त्यांची एक ठरलेली खुर्ची होती, खिडकीजवळ, जरा तिरकी लावलेली, म्हणजे दोन्ही दारं दिसतील अशी. डोक्यातला गोंधळ वाढायला लागला की ते शर्टाचं वरचं बटण काढतात, लावतात, काढतात, लावतात. ते तोंडाने काही बोलत नाहीत. तेवढं बटण दिसलं की मोकळी असेल ती जाऊन बसते. समोर नाही हं, शेजारी. बसमधल्या सीटवर बसतात तसं. "काय ड्रायव्हरसाहेब, आज गर्दी दिसतेय." ते कधी बोलतात, कधी नाही. थोड्या वेळाने बटण थांबतं. बस्स. एवढंच.

वॉर्डाच्या टोकाला एक खोली आहे. आत फक्त गादी, दाराला न फुटणारी काच. कुणी अगदीच हाताबाहेर गेलं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागलं, तर थोडा वेळ तिथे ठेवतात. पण ती खोली इतके दिवस लागलीच नव्हती की ब्रदरने तिथे मोडक्या खुर्च्या, कॅरमबोर्ड आणि स्वतःच्या झाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या. वॉर्डातल्या सगळ्यांनाच त्या कुंड्यांचा इतका अभिमान होता! बोलत नव्हते कुणी, पण दिसायचं.

मग तोफ आली.

तोफ म्हणजे समोरच्या बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. आत्याची नोकरीतली सगळ्यात जुनी मैत्रीण. आवाज असा की कुजबुजली तरी खालच्या मजल्यावर कळतं. दुपारी चहाला आली आणि आल्या आल्या सुरू.

"काय गं, आज कोण बसलंय रिकामं?"

"मोकळं म्हण."

"नावं ठेवून काय होतंय? आमच्याकडे आम्ही दोघी. ऐक, दोघी! एक कुणाजवळ बसली की दुसरी एकटी आख्ख्या वॉर्डाला. मला लघवीला जायचं तर परवानगी कुणाची घेऊ, भिंतीची? आणि तुझ्याकडे एक जण कबुतरं मोजतोय."

आत्याने तोफेच्या कपात साखर घातली.

तोफेचा आवाज एकदम खाली आला. तिच्या मानाने. "पाहणी होणार आहे. मुख्य ऑफिसातून कोणी मॅडम येतायत. तुझ्याकडची एक काढून मला द्यायची असं चाललंय."

"तू मागितलीस?"

"मागितली. तुझी नाही मागितली, एक मागितली! ऑफिसवाले ती तुझ्याकडून देतायत, त्याला मी काय करू? नको म्हणू?"

मला तोफेचा भयंकर राग आला. आणि दुसऱ्याच मिनिटाला वाटलं, अरे, पण बरोबरच आहे की तिचं! मला काही कळेना कुणाच्या बाजूने व्हायचं. आत्यालाही कळत नसावं, कारण त्या दिवशी ती घरी येऊन झोपलीच नाही, गॅलरीत बसून राहिली.

पाहणीच्या आदल्या दिवशी वॉर्डात बैठक झाली. ब्रदर म्हणाला, "मॅडमनी आत पाऊल टाकलं आणि आपल्यातलं एक जण पत्ते कुटताना दिसलं, की संपलं. पोस्ट गेली समजा."

"मग काय करायचं?" नवी म्हणाली.

"उद्या मोकळं कुणी नाही. प्रत्येकाच्या हातात काहीतरी पाहिजे."

चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या, "आणि त्या खोलीतल्या कुंड्या काढा. नियमाप्रमाणे खोली तयार लागते."

शेवटी आत्या म्हणाली, "एक दिवसाचा प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी चादरी मोजते."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर हॉल ओळखू येईना. टेबलं पुसलेली, पत्ते कपाटात, खुर्च्या सगळ्या भिंतीला लावून एका रांगेत, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. टोकाची खोली रिकामी, गादीवर स्वच्छ चादर. ब्रदरच्या कुंड्या जिन्यात.

मॅडम आल्या. मी मनात काहीतरी राक्षस वगैरे तयार ठेवला होता, पण बाई अगदी साध्या. सर्दी झालेली, हातात रुमाल, प्रत्येकाला "तुमचं चालू द्या, मी नुसती बघते" म्हणत होत्या. आणि सगळ्यांचं इतकं चालू होतं! ट्रॉली इकडून तिकडे, फोन, कागद. आत्या टोकाच्या कपाटाशी पाठ करून चादरी मोजतेय. आत्या! चादरी!

नाश्ता करून ड्रायव्हरसाहेब हॉलमध्ये आले. आपली खुर्ची असते तिथे गेले. तिथे खुर्ची नव्हती. ते तिथेच उभे राहिले. मग रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले, तिथून एकच दार दिसतं. आणि हात वर गेला. बटण.

मी नवीला खूण केली. ती फाइल घेऊन माझ्याजवळून चालली होती. मी म्हटलं, "ताई, बटण."

"दिसलं मला," ती दातातल्या दातात म्हणाली. "पण मॅडम बघतायत गं. जाऊन बसले तर म्हणतील बसलीय. हा कागद देते आणि जाते."

ती कागद द्यायला गेली. ड्रायव्हरसाहेब उठले आणि आपली खुर्ची कोणती ते शोधायला लागले. एक ओढली, नाही. दुसरी ओढली. रांग मोडली. नवी परत येत होती, तिने ते बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि अगदी सहज, काही मनात नसताना, ती खुर्ची धरून पुन्हा भिंतीला लावायला गेली.

त्यांनी तिला ढकललं. ती ट्रॉलीवर आपटली. गोळ्यांचे कप सगळीकडे. आणि ड्रायव्हरसाहेब ओरडायला लागले, त्या माणसाचा चढलेला आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता! कुणीतरी रडायला लागलं, लांब केसांचा मुलगा टेबलाखाली जाऊन बसला.

पण कुणी पळालं नाही. खरंच सांगते, कुणीही नाही. ब्रदर एका बाजूने आला, आत्या दुसऱ्या बाजूने, चष्मेवाल्या सिस्टरनी बाकीच्यांना हळूच दुसऱ्या खोलीत नेलं. आत्या एकसारखी बोलत होती, "साहेब, मी आहे. मी आहे. हात धरतेय, दुखवत नाही." तरी त्यांना न्यावं लागलं. त्या खोलीत. कालच रिकामी केलेल्या. दार लागलं. काचेतून दिसत होते, गादीवर बसलेले, शर्ट पूर्ण उघडा, आणि विचारत होते, "माझी खुर्ची कुणी नेली?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बदकासारखं वगैरे काही नाही, सरळ पळत गेले.

नवीचं मनगट सुजलं होतं. हाड मोडलं नव्हतं. ब्रदरने बर्फ लावला, दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दुपारी मॅडमनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मलाही आत्याने बस म्हटलं.

"मनापासून सांगते," मॅडम रुमालाने नाक पुसत म्हणाल्या, "प्रसंग आला तेव्हा तुम्ही ज्या शांतपणे सांभाळलंत ते मी दुसरीकडे बघितलं नाही. कुणी बसून नव्हतं, प्रत्येकजण कामात. म्हणूनच मला जे वाटतंय ते बोलते. चौघं असतानाही हे झालंच. म्हणजे चौथ्या माणसाने इथे फरक पडत नाही. समोर मात्र पडेल."

आईशप्पथ! मला ओरडावंसं वाटलं. कारण हिशोब बरोबर होता! जे त्यांनी बघितलं त्यावरून दुसरं काय वाटणार?

ब्रदरने आत्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको. गप्प बस. कारण बोलायचं तर आपण खोटं दाखवलं हे सांगावं लागणार.

आत्या म्हणाली, "आज चौघं नव्हते, मॅडम."

"मी मोजले."

"माणसं चार होती. पण आम्ही रोज एकाला काही काम देत नाही. ते माणूस आज नव्हतं. मी चादरी मोजत होते. त्या चादरी काल मोजून झाल्या होत्या."

"मग आज परत का?"

"तुम्हाला दाखवायला."

ब्रदर खोकला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता स्फोट. पण त्या आत्याकडे बघत राहिल्या, रागाने नाही, एखादं यंत्र कसं चालतं ते बघतात तसं.

"हे मला लिहावं लागेल. तुमच्या नावावर."

"लिहा."

"आणि त्या माणसाला काम नाही, मग ते करतं काय?"

"काही होऊ नये एवढं बघतं."

"अहो सिस्टर, पण जे झालंच नाही ते मी कुठल्या रकान्यात भरू?" हे त्या टोमणा मारून नाही बोलल्या. खरंच विचारत होत्या.

आत्या म्हणाली, "उद्या परत या. आम्ही काही तयारी करणार नाही."

आल्या! सर्दी वाढलेली, तरी आल्या. हॉल पूर्वीसारखा अस्ताव्यस्त, खुर्ची तिरकी, तिच्या जागी. ड्रायव्हरसाहेब संध्याकाळीच खोलीतून बाहेर आले होते. ते खाली मान घालून बसले होते.

ओव्हर झाला, कामं वाटली. आत्याने विचारलं, "आज मोकळी कोण?"

"मी," नवी म्हणाली. मनगटाला पट्टी होती. सगळ्यांनी तिला घरी राहा म्हणून सांगितलं होतं, ती ऐकते कुठे!

ती सरळ गेली नाही त्यांच्याकडे. आधी पत्त्यांपाशी घुटमळली, खिडकीशी उभी राहिली, मग एक खुर्ची सोडून बसली. बराच वेळ दोघं समोर बघत होते, काचेपलीकडे रस्ता असल्यासारखे.

मग ते म्हणाले, "माझ्यामुळे झालं ते?"

"हो."

"दुखतंय?"

"थोडं. तुमचं?"

त्यांनी दंड चोळला. "दंड धरला होता ब्रदरने. माणूस मोठा आहे तो."

"त्याला झोप नाही आली रात्री," नवी म्हणाली.

बटण हललं नाही. एवढंच झालं. दिवसभरात एवढंच.

मॅडम कोपऱ्यात माझ्या शेजारी बसून बघत होत्या. सुरुवातीला घड्याळ बघत होत्या, मग थांबल्या. शेवटी उठून पत्ते खेळायला बसल्या आणि लागोपाठ जिंकल्या. आत्या म्हणाली, "पाहुण्यांनी जिंकायचं नसतं हो." पेशंट इतके हसले!

नंतर मॅडम समोरच्या वॉर्डात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. त्यांनी आत्याला व्हरांड्यात बोलावलं, मागून तोफ. मी दारात.

"समोर पण तशी काचेची खोली आहे, तिच्यात एक बाई आहे," मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून. मी विचारलं, मारामारी केली का? नाही. आरडाओरडा? नाही. मग आत का?"

तोफ भिंतीकडे बघत म्हणाली, "तिला एकटं सोडायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत. जवळ बसायला माणूस नाही. खोलीला काच आहे, येता-जाता दिसते तरी." आणि तिचा आवाज, तोफेचा आवाज, चिरकला. "मला आवडतं का ते? तिला कोंडून ठेवायला आवडतं का मला?"

मला आजही आत्याचा तेव्हाचा चेहरा दिसतो.

"माझ्याकडे हलवायला एकच माणूस आहे," मॅडम म्हणाल्या. "नवीन भरती कधी होईल देव जाणे. इकडून काढलं तर इथली खोली लागणार. नाही काढलं तर तिथली लागतेच आहे. तुम्ही दोघी सांगा. मला खरंच कळत नाही."

"खाटा कमी करा," आत्या म्हणाली.

"काय?"

"हिच्या वॉर्डातल्या. दोघींना जितक्या बायका नीट सांभाळता येतील तितक्याच ठेवा. कुणी बरं होऊन घरी गेलं की ती गादी गुंडाळून ठेवायची. माणूस मिळालं की परत पसरायची."

"वेडी झालीस का!" तोफ उसळली. "बाहेर लोक रांग लावून असतात. बायका रडत येतात माझ्या दाराशी. त्यांना काय सांगू, खाट आहे पण सिस्टर नाही? कोण सांगणार ते? तू येणार सांगायला?"

"हो. मी येईन."

"येशील म्हणे! बोलायला काय जातंय."

"पहिल्यांदा कुणी आलं की हाक मार," आत्या म्हणाली. "मी येईन."

मॅडमनी तसं लिहिलं. मोठे डॉक्टर आधी भडकले, मग 'भरती होईपर्यंत' असं म्हणून सही केली. चौथं माणूस राहिलं. आत्याच्या नावावर खोटी पाहणी दाखवल्याचा शेराही राहिला. मी खूप भांडले घरी की हा अन्याय आहे. आत्या म्हणाली, "अन्याय कसला? दाखवलं होतं ना खोटं." झालं, संपलं.

मला वाटलं आपण जिंकलो. मी वहीत चक्क फुलं काढली होती.

माझ्या शेवटच्या दिवशी दुपारी तोफेने दारातून हाक मारली. नुसतं "ये" म्हणाली.

आत्या गेली, मी मागे. व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस होता आणि त्याची बायको. तिने पर्स छातीशी घट्ट धरलेली, ओठ हलत होते, डोळे असे की किती दिवस झोपली नसेल कोण जाणे. डॉक्टरांनी तपासून भरती करा असं लिहून दिलं होतं.

"इथे आत्ता घेता येणार नाही," आत्या म्हणाली. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

माणसाने वॉर्डाच्या दाराच्या काचेतून आत बघितलं. "ती खाट तर मोकळी दिसतेय."

"खाट आहे. सांभाळायला पुरेशा सिस्टर नाहीत. घेतलं तर यांना एकटं कोंडून ठेवावं लागेल."

"मग ठेवा! निदान सुरक्षित तरी राहील. मी दोन रात्री दाराला पाठ लावून बसलोय हो." तो उभा राहिला. "तुमच्या घरचं कुणी असतं तर हेच बोलला असता का?"

मी मनात हजार उत्तरं दिली, एकही चांगलं नव्हतं.

आत्या फोनपाशी गेली. एका हॉस्पिटलने नाही म्हटलं. दुसऱ्याने ताटकळत ठेवून नाही म्हटलं. तिसरीकडे जागा होती, पण दुसऱ्या गावात. आत्याने फोनवर तीन वेळा विचारून घेतलं, "जवळ बसायला माणूस आहे ना? नक्की?" गाडीची व्यवस्था केली. गाडी येईपर्यंत ती त्या बाईंपाशी होती आणि तो माणूस आत्याकडे पाठ करून उभा होता.

जाताना तो सरळ लिफ्टमध्ये शिरला. बाई मात्र लिफ्टपाशी थांबली, मागे वळली आणि आत्याला म्हणाली, "ती खाट माझी ठेवाल?"

"तिकडे चांगली खाट आहे," आत्या म्हणाली. "माणूस पण आहे."

लिफ्ट खाली गेली. मी विचारलं, "आत्या, आपण बरोबर केलं ना?"

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "ती पोचली की फोन करणार आहे मी. त्याच्या पुढचं मला खरंच माहीत नाही."

तोफ वॉर्डाच्या दारात उभी होती. सगळं बघितलं होतं तिने. मला वाटलं आता ऐकवणार काहीतरी. ती पदराने, म्हणजे पदर नव्हता, युनिफॉर्मच्या बाहीने चेहरा पुसत म्हणाली,

"उद्या कुणी आलं तर मी सांगेन. रोज तू नको."

"परवा मग मी," आत्या म्हणाली, आणि दोघी आपापल्या दारांनी आत गेल्या, हळूहळू.